पंचवीस रुपयांची कव्वाली

सोलापूर,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तराला आज मुहूर्त लागला. सकाळपासून महालक्ष्मीच्या पूजेची गडबड होती. आता सवाष्णी जेवून गेल्या, आई आत पडली आहे आणि मी वही घेऊन खिडकीशी बसले आहे. आई बरी आहे. गुडघे धरतात, ऐकू कमी येतं, पण कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सुटलेली नाही. भाकरी दुधात चुरून घेते, एवढाच फरक.

गेल्या महिन्यात थोरल्यानं टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं. तेव्हापासून दिवेलागणीनंतर आम्ही दोघी जुने सिनेमे बघतो. परवा ‘आरती’ लावला. शशिकला पडद्यावर आली आणि पाय पसरून बसलेली आई ताठ झाली. “आली बघ ती बया! आता घर फोडल्याबिगर राहती का?” सिनेमा १९६२चा. आईचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, दादांबरोबर भागवतच्या टॉकीजमध्ये तिनं तो पाहिलेला. साठ वर्षांनीही राग तेवढाच ताजा!

मी म्हटलं, “आई, ती बया आपल्या सोलापूरची आहे. इथंच जन्मली.”

“कोण?”

“हीच. शशिकला. माहेरची जवळकर.”

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “आणि हे मला आत्ता सांगालीस होय?”

काय उत्तर देणार? मला तरी कुठं आधी ठाऊक होतं! ४ एप्रिल २०२१ला ती मुंबईत गेली, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन. करोनाचे दिवस. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘मूळच्या सोलापूरच्या’ असे दोनच शब्द होते आणि मी ते चारचारदा वाचले. आपण दोघींनी ‘अनुपमा’ किती वेळा पाहिला असेल गं! ‘भीगी भीगी फजा’वर तू गच्चीत गिरक्या घ्यायचीस. ती हसरी, बडबडी पोरगी आपल्याच गावची, हे आपल्याला कुणीच सांगितलं नाही.

तेव्हापासून मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत आले आहे. ते सगळं आज तुला लिहिते.

तिचा जन्म १९३२चा, ४ ऑगस्टचा. तेव्हाचं सोलापूर डोळ्यांपुढं आण. गिरण्यांच्या भोंग्यावर गाव उठायचं आणि झोपायचं. चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. अशा गावात एका खात्यापित्या घरात सहा भावंडांतली ही एक मुलगी. पाचव्या वर्षापासून ती नाचायला, गायला, नाटकात कामं करायला लागली आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या रंगमंचांवर गेली. हे गाव राम जोशींचं आहे, लावणीचा कान इथल्या मातीतच आहे, हे खरं. पण सभ्य घरातल्या मुलीनं चारचौघांसमोर पायात चाळ बांधायचे, हे त्या काळी किती अवघड असेल! मला ते कळतं. मला आठवीत असताना काय झालं ते तुझ्यादेखतच झालं ना! ‘आता मोठी झाली, पुरे’ असं घरात कुणीतरी म्हणालं आणि माझे घुंगरू माळ्यावर गेले. आईनं ते कापडात गुंडाळून ठेवले होते, हे मला फार उशिरा कळलं.

तिच्या घराची घडी मोडली ती पैशापायी. वडिलांचा धाकटा भाऊ लंडनला शिकायला गेला. वडील आपल्या मिळकतीतलं बरंचसं त्याला पाठवत राहिले आणि इकडे घर कर्जात बुडालं. भाऊ पुढे मोठ्या हुद्द्यावर चढला, पण त्यानं या घराकडे वळून पाहिलं नाही. शेवटी सगळं बिऱ्हाड मुंबईला गेलं. ही पोर नाचते-गाते, दिसायला चांगली आहे, सिनेमात काम मिळालं तर चूल पेटेल, हा हिशेब. सुमे, दहा-अकरा वर्षांच्या मुलीवर घराचा भार टाकणारी ती मुंबई! स्टुडिओमागून स्टुडिओ हिंडायचे, नकार घेऊन परतायचं.

अशाच एका स्टुडिओत तिला गायिका-नटी नूरजहाँ भेटली. नूरजहाँचे पती शौकत हुसेन रिझवी तेव्हा ‘झीनत’ काढत होते आणि नूरजहाँच्या मुलीच्या कामासाठी त्यांना मुलगी हवी होती. शशिकला नजरेत भरली, पण उर्दू बोलायला लावलं आणि सोलापुरी जीभ आडवी आली. उच्चार जमेनात. ते काम हातचं गेलं, तरी तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. त्याच सिनेमात बायकांची कव्वाली होती, ‘आहें न भरीं, शिकवे न किए’. त्या कव्वालीच्या बैठकीत तिला बसवलं. मिळाले पंचवीस रुपये.

सिनेमा १९४५चा. पुढे नूरजहाँनं ‘जुगनू’तही तिला घेतलं आणि आता पोरीचं बस्तान बसणार असं वाटत असतानाच फाळणी झाली. नूरजहाँ पाकिस्तानात गेली. डोक्यावरचा हात गेला. मग पुन्हा लहानसहान कामं, कुणाची बहीण, कुणाची मैत्रीण. १९५३ साली व्ही. शांताराम यांच्या ‘तीन बत्ती चार रास्ता’त ती दिसते. आणि एक बघ, शांतारामांनी त्याआधीच एका सोलापूरकरावर सिनेमा काढलेला होता. आपल्या डॉ. कोटणीसांवर, १९४६ला, आणि त्यात कोटणीस ते स्वतःच झाले होते. कोटणीसांची आठवण मी मुद्दाम काढली, पुढे सांगते का ते.

पन्नासच्या दशकातल्या बाकीच्या सिनेमांचं फार सांगण्यासारखं नाही. लग्न झालं, कुंदनलाल सैगल यांच्या नात्यातल्या ओमप्रकाश सैगल यांच्याशी, दोन मुली झाल्या, संसार आणि कामं दोन्ही चालू राहिलं. पण १९५९चा ‘सुजाता’ मात्र तू पुन्हा बघ. माझ्यासाठी बघ. बिमल रॉय बंगाली, गोष्ट बंगाली, घर बंगाली आणि त्या घरातल्या बायका कोण? आईच्या कामात आपल्या सुलोचनाबाई, आत्याच्या कामात ललिता पवार, सुजाता म्हणजे शोभना समर्थांची नूतन आणि धाकटी रमा म्हणजे शशिकला. चौघी मराठी! एका अस्पृश्य मुलीची ती गोष्ट चार मराठी बायकांनी पेलली आहे आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. सगळे नूतनवर बोलतात, आणि तेही योग्यच आहे. पण सुजाताला घरात बरोबरीची जागा देणारी एकटी रमाच आहे. ‘बचपन के दिन’ या गाण्यात ती कशी बागडते बघ. त्या दोघींत कुठं म्हणून सख्खी-परकी दिसत नाही. हे काम रमाचं निर्मळ मन अंगात उतरल्याशिवाय होत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. आपल्या नाचाच्या बाई पहिल्या दिवसापासून काय ओरडायच्या? “जिथं हात, तिथं नजर!” पट्टी घेऊन बसायच्या. हात वर गेला आणि डोळे समोर राहिले की फट्कन आवाज यायचा जमिनीवर. ‘सुजाता’त शशिकलेचे हात आणि डोळे असे बरोबरीनं चालतात. लहानपणापासून नाचलेल्या बाईचं ते अंग आहे. आणि ‘आरती’त, तीनच वर्षांनी, तिनं काय केलं? हाच नियम मोडला. जावेच्या घरात वावरताना हात एकीकडे कामात, नजर भलतीकडे. मान वळायच्या आधी डोळे वळतात. आईला साठ वर्षं जो राग येतोय ना, तो मला वाटतं या डोळ्यांचा आहे. संवाद कुणीही लिहून देईल, पण हे तिचं तिनं शोधलेलं आहे. ज्याला नियम रक्तात भिनलेला असतो, त्यालाच तो इतक्या नेमकेपणानं मोडता येतो. परवा मी तोच एक प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला. आई वैतागली, “काय करालीस गं सारखं?”

‘आरती’साठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं आणि लगोलग पुढच्या वर्षी ‘गुमराह’साठीही. बी. आर. चोप्रांचा हा सिनेमा १९६३चा. त्यातली तिची लीला माला सिन्हाला धमकावून हैराण करते आणि शेवटी कळतं की ती तर अशोक कुमारचीच सेक्रेटरी. म्हणजे नाटक करणाऱ्या बाईचं नाटक! मला ‘आरती’पेक्षा ही लीला अवघड वाटते. पहिल्यांदा बघताना तिचा संताप यायला हवा आणि शेवट कळल्यावर दुसऱ्यांदा बघताना ती बाई खोटी वाटता कामा नये. दोन्ही साधलंय. ‘फूल और पत्थर’ १९६६चा. त्यात धर्मेंद्रपुढं ‘शीशे से पी या पैमाने से पी’वर ती नाचते आणि त्याच वर्षी ‘अनुपमा’त तुझी ती गिरक्यांची मुलगी! एका वर्षात दोन टोकं. तरी लोकांनी लक्षात ठेवली ती खाष्टच. याचं मला वाईट वाटतं. जन्मभर बायांच्या शिव्या खाल्ल्या, त्यात एक माझ्या आईची.

नंतरचं लिहिताना हात जरा अडतो. संसार मोडला. ती घर सोडून परदेशी गेली, तिथंही सुख लाभलं नाही. परत आली ती रिती होऊन. मग तीर्थयात्रा झाल्या, आश्रम झाले आणि अखेर ती कोलकात्याला मदर तेरेसांकडे पोचली. जवळजवळ नऊ वर्षं तिनं त्यांच्या संस्थेत काढली. टाकलेली मुलं, आजारी, मरणाच्या दारातली माणसं, त्यांची घाण काढणं, त्यांना अंघोळ घालणं. ज्या बाईला सगळा देश घरं फोडणारी म्हणून ओळखत होता, ती दुसऱ्यांची अंगं पुसत होती. कोटणीसांचं नाव मी काढलं ते यासाठी. आपल्या सोलापूरचा एक मुलगा चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांची सेवा करता करता बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याचं स्मारक आपण बांधलं, परवाच्या ९ डिसेंबरला हार घातला, आणि ते करायलाच हवं. पण या मुलीचं नाव आपण घरातसुद्धा घेतलं नाही. मला वाटतं तिच्या जन्मगावी एखाद्या नाट्यगृहाच्या भिंतीवर निदान तिचा फोटो असावा. आमच्या भिशीतल्या सगळ्याजणींना मी हे सांगितलंय. जानेवारीत आम्ही रीतसर अर्ज लिहिणार आहोत. सही तुझीही हवी, माहेर तुझं इथंच आहे.

कोलकात्याहून परतल्यावर तिनं पुन्हा कामं घेतली, मालिकांतून म्हाताऱ्या बायका केल्या. २००७ला पद्मश्री मिळाली.

हे सगळं मी आईला सांगितलं, कानाशी तोंड नेऊन, दोन संध्याकाळी लागल्या. लंडनच्या काकाचं ऐकून ती चिडली, कोलकात्याचं ऐकताना काही बोलली नाही. पदरानं चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, “ती पहिली कव्वाली हाय का तुझ्या त्या टीव्हीत?”

होती. लावली. जुनं, पावसासारखं चरे पडलेलं चित्र, आवाज खरखरीत. ओळीनं बसलेल्या बायका-पोरी, टाळ्या, तोंडं सारखी हलतात, कॅमेरा थांबत नाही. मी जवळ जाऊन एकेक चेहरा शोधायला लागले. आईनं उशी पाठीमागं घेतली, मान पुढं काढली आणि पहिल्यांदाच मला म्हणाली, “थांबव.” मी थांबवलं. ती उठली, गुडघ्यावर हात ठेवत पडद्यापर्यंत आली आणि एका पोरीच्या तोंडावर बोट ठेवलं.

“ही बघ. बाराएक वर्षांची पोर ही. आईबापाची उपाशी चूल हिच्या तोंडावर दिसती.”

तीच होती का, माझी मला खात्री देता येईना. पण आईनं बोट काढलं नाही. तसंच ठेवून म्हणाली, “आता लाव परत. सुरुवातीपासनं.”

त्या रात्री चारदा लावली.

गड्ड्याच्या यात्रेला यंदा येतेस ना? नंदीध्वजाच्या मिरवणुकीआधी दोन दिवस ये म्हणजे निवांत बसता येईल. तुझ्या सुनेला हवी असलेली चादर घेऊन ठेवली आहे, दुहेरी, लाल काठाची. आणि माळ्यावरून ते घुंगरू काढलेत. चामडं कुजलंय, पण एकूण एक शाबूत आहेत, नवीन पट्ट्यावर ओवायला दिलेत.

मुलांना आशीर्वाद. आईनं तुला आठवणीनं विचारलंय.

तुझीच,
मंगल