परसातल्या डाळिंबाबद्दल

सांगोला, २५ ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
सा. न.

आपल्या गोव्यात, डिचोलीत डाळिंब होईल का, असं बाबांनी विचारलं होतं. होईल. उन्हाचं त्याला काही वाटत नाही, त्याला नको असतो तो आपला पाऊस. मुळाशी पाणी तुंबलं की बुरशी लागून झाड मरतं, आणि पावसात पिकणारं फळ डागतं नाहीतर तडकतं. म्हणून फळ मेअखेरीआधी उतरेल असाच हिशेब धरायचा. बाजारात जून-जुलैत फळं दिसतात म्हणून तो बहर, म्हणजे त्या वेळच्या फळांसाठीचा फुलोरा, आपल्याकडे धरू नका.

जागा न्हाणीमागची नको, तिथे माडांची सावली पडते. विहिरीच्या पूर्वेला सहा तास ऊन मिळतं, तिथेच लावा. खड्डा न काढता उंचवटा करायचा. चिऱ्याच्या तुकड्यांचं चार फूट व्यासाचं, दीड फूट उंच कडं रचा, पण सिमेंट लावू नका, फटींतून पाणी निघून गेलं पाहिजे. आत दोन वाटे माती, एक वाटा जुनं शेणखत, एक वाटा जाड वाळू आणि किलोभर निंबोळी पेंड. आपली तांबडी माती आंबट, म्हणून पाव किलो चुन्याची भुकटी आधी मातीत मिसळा आणि शेणखत पंधरा दिवसांनी घाला. दोन्ही एकदम घातलीत तर खतातला नत्र उडून जातो.

रोप 'भगवा' जातीचं, टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं हवं. बी पेरून आईबापासारखं फळ मिळत नाही. इथल्या एखाद्या बागेतून फांदी आणायला सांगू नका, मी आणणार नाही. तेल्या, म्हणजे तेलकट डाग पाडणारा जिवाणूंचा रोग, अशा फांद्यांतूनच गावोगाव जातो. पाऊस थांबला की ऑक्टोबरात लावा. बुंध्याशी तीन-चार खोडं ठेवा, बाकीचे फुटवे दिसतील तसे काढा. उंची सहा फुटांवर छाटत राहा. बाबा, शिडी लागेल इतकं झाड वाढवायचंच नाही. पहिली दोन वर्षं फुलं खुडून टाका.

तिसऱ्या वर्षापासून बहर धरायचा, म्हणजे झाडाला आधी तहानलेलं ठेवून मग पाणी देऊन फुलवायचं. चतुर्थी झाली की बुंध्याभोवती ताडपत्री अशी पसरा, की पावसाचं पाणी कड्याबाहेर पडेल. तीनेक आठवड्यांत पानं पिवळी पडून गळू लागतील. घाबरू नका, तेच हवं आहे. मग ताडपत्री काढून शेंडे चार बोटं छाटा, दहा किलो शेणखत द्या आणि पहिलं पाणी हलकं द्या. नोव्हेंबरात फुलं येतील. फुलापासून 'भगवा' तयार व्हायला सुमारे सहा महिने लागतात, म्हणून जुन्या गोव्याच्या फेस्तानंतर, म्हणजे ३ डिसेंबरनंतर, उमललेलं प्रत्येक फूल काढायचं. आई, तुला जिवावर येईल, पण ते फळ जूनच्या पावसात सापडतं. बुडाशी निमुळती फुलं नर असतात, ती आपोआप गळतात. घोसात एकच फळ ठेवा, झाडावर बहराच्या पहिल्या वर्षी पंधरा पुरेत.

फळ लिंबाएवढं झालं की कापडी पिशवी बांधा. फुलपाखरू फुलावर, कोवळ्या फळावर अंडी घालतं आणि अळी आत शिरून फळ पोखरते. भोक पडलेलं फळ तोडून जाळा, झाडाखाली टाकू नका. पिशवीने खारी थांबणार नाहीत, त्यांना आपला वाटा द्यावाच लागेल.

फळ तडकतं ते बहुतेक पाण्याच्या चढउतारामुळे. चार दिवस कोरडं ठेवून एकदम बादल्या ओतल्या की दाणे फुगतात, साल मात्र ताणत नाही. मार्चपासून एक दिवसाआड पंधरा लिटर, सकाळी, चुकवू नका. कड्यात तीन बोटं पातेरा, म्हणजे वाळका पाला, पसरा, पण खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी चढेल. लिटरभर पाण्यात ग्रॅमभर बोरिक अॅसिड घालून महिन्याच्या अंतराने दोनदा फवारलं की साल बळकट होते.

फळ उतरवल्यावर आणि श्रावणात उघडीप मिळेल तेव्हा बोर्डो मारा, पोफळींना बुरशीसाठी मारतात तेच मिश्रण. पाच लिटरला ५० ग्रॅम मोरचूद आणि ५० ग्रॅम कळीचा चुना, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस थर बसला तर अजून चुना हवा. त्याच दिवशी संपवा. बाबा, तोंडाला फडकं बांधल्याशिवाय पंप हातात घ्यायचा नाही. पानावर तेलकट काळे डाग किंवा फळावर इंग्रजी वायसारखी चीर दिसली तर फोटो पाठवा, तो तेल्या असू शकतो.

साल हिरवटपणा सोडते, बाजू किंचित चपट्या होतात, टोकाच्या पाकळ्या आत वळतात, तेव्हा कात्रीने देठासकट कापा. तोडल्यावर डाळिंब पिकत नाही, घाई केलीत तर आंबटच राहील. आपल्या उकाड्यात दाणा इथल्याइतका लालभडक होत नाही, फिकट निघाला तर रोप फसवं समजू नका.

कड्यासाठी चिरे गड्याकडून रचून घ्या, बाबांनी उचलायचे नाहीत. रोप दसऱ्याला येताना मी इथल्या रोपवाटिकेतून घेऊन येते.

तुमची,
सुमा