नांदूरमध्यमेश्वरच्या त्या अनोळखी मंडळींचे आभार
रविवारी धरणाजवळच्या हरभऱ्याच्या वावरात एक करकोचा नायलॉन मांजात अडकून तडफडत होता. तुम्ही दोघं मोटारसायकल रस्त्यातच सोडून धावलात. एकाने उपरण्याने त्याचे डोळे झाकले, दुसऱ्याने ते लांब, नाजूक पाय अलगद धरले (ही समज कुठून येते हो?) आणि खुरपणीला आलेल्या मावशींनी विळ्याने एकेक पीळ कापला. वनखात्याची गाडी येईपर्यंत कुणी हललं नाही, मग नावं न सांगताच निघून गेलात.

राजस्थानातल्या भरतपूरला करकोच्याच्याच कुळातला सायबेरियन क्रौंच २००२ नंतर उतरलाच नाही. म्हणून गोदावरी-कादवेच्या संगमावर येणारा त्याचा प्रत्येक भाऊबंद मला जिवापाड वाटतो. मनापासून आभार! निफाडकरांनो, कुणी त्यांना ओळखत असाल, तर एवढा निरोप जरूर पोहोचवा.