लिफ्ट बंद असलेल्या अकराव्या मजल्यावरून

मा. गृहनिर्माण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या पार टोकाला, अकराव्या मजल्यावर मला प्रधानमंत्री आवास योजनेतून हक्काचं घर मिळालं, त्याबद्दल आधी आभार. आभार मानले की पत्र पुढे वाचतात, असं आमच्या शेजारचे मास्तर म्हणतात.

परवा रात्री माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या, छातीत कळ आली. लिफ्ट बंद. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरत नाही म्हणून अँब्युलन्सवाला खालीच थांबला. मग पाचव्या मजल्यावरची पोरं वर आली. म्हातारीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, लुगड्याने खुर्चीला बांधलं आणि मोबाइलच्या उजेडात उतरवायला लागली. जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पंप ज्या सामाईक मीटरवर आहेत, त्याचं बिल कुणी भरायचं हे अजून ठरलेलं नाही, म्हणून वीजच तोडलीय. सातव्या मजल्यावर खुर्चीचा पाय मोडला. छातीचं दुखणं शेवटी पित्ताचं निघालं, खुबा मात्र मोडला. त्या पोरांना बोल लावू नका, त्यातला एकजण स्वतःचा हात सोलून घेऊन बसलाय. हे सगळं मी घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून लिहिते आहे.

चावीवाटपाच्या दिवशी मांडव होता, थर्माकोलची हातभर चावी होती, फेटे होते. लिफ्टला जनरेटर देऊ, असं स्टेजवरून माइकवर सांगितलं होतं. पुढे लिफ्ट बंद पडली तेव्हा आम्ही बाया जाऊन बसलो, तर एक साहेब म्हणाले, गणपतीच्या आत चालू होईल. मग दिवाळी. कोणता गणपती, कोणती दिवाळी, हे विचारायचं आमच्याकडून राहिलं. त्या कार्यालयाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं की आमची फाईल आणखी खाली जाईल, आणि खाली जायला तिला लिफ्ट लागत नाही.

आत्याबाई मूळच्या औसा तालुक्यातल्या, किल्लारीच्या बाजूच्या. ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना, त्यांच्या अंगावर माळवद कोसळलं. मातीतून उकरून काढलेली बाई आहे ती. भूकंपानंतर तिकडे ५२ गावं नव्या जागी बसवली, आत्याबाईंना बैठं घर मिळालं, पुढे अंगण. मामंजी गेल्यावर लेकाकडे आल्या, आणि इथे पहिल्याच दिवशी गॅलरीतून खाली बघून म्हणाल्या, "हाललं तर पळायचं कुणीकडं?" मी हसले होते.

साहेब, उंच बांधायला माझा विरोध नाही. जागा महाग आहे, हे मलाही कळतं. पण उंच घर हे नुसत्या भिंतींवर चालत नाही. त्याला लिफ्ट लागते, पंप लागतो, टाकी धुवायला माणूस लागतो, आणि दर महिन्याला या सगळ्याचा पैसा लागतो. तो कुठून येणार, हे बांधतानाच ठरवायला नको का? बांधणारा म्हणतो, मी ताबा दिला. कार्यालय म्हणतं, सोसायटी करा. सोसायटी नोंदवायला गेलं की म्हणतात, आधी बांधणाऱ्याकडून कागद आणा. वीज तोडणाऱ्याला मात्र कसलाच कागद लागला नाही.

अन् पाणी! या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर. १६८० कोटींच्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, आता म्हणे तो आकडा २७०० च्या पुढे गेलाय. कोटी वर चढतात, पाणी चढत नाही. आमच्याकडे टँकर आला तरी पंप बंद, म्हणून पायरीपायरीवर बाया उभ्या राहून हंडे वर देतात. गुडघ्याला पट्टा बांधून हंडे देणाऱ्या बायकांना पेपरवाले जिद्दी म्हणतात. जिद्द कसली, डोंबल!

आगीचंही सांगते. २००६ चा कायदा आहे, इमारतीतली आग विझवायची यंत्रणा ठीक आहे असा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. आमच्या जिन्यातल्या लाल पाइपाचं पितळी तोंड भंगारात गेलंय. आमच्यातल्याच कुणीतरी विकलं असणार, ते लपवत नाही. पण दाखला कोण देतं, देतं तरी का, तेवढं कळवा.

लोक म्हणतात, फुकट मिळालं त्यात कुरकुर कशाला. फुकट? केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकीचं कर्ज आमच्या नावावर. नवरा वाळूजला ठेकेदाराकडे आहे, हजेरी बुडली की पगार नाही, पण हप्ता बुडत नाही. ज्यांना परवडलं ते घर भाड्याने देऊन खाली राहायला गेले. निम्मी घरं तशीच असतील. मी दारोदार मोजलेलं नाही, चढणार कोण?

मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे फुटांची घरं मिळाली. त्यांनी जन्म काढला त्या खोल्यांत, त्यांना मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. पण आमच्या वाट्याला तीस चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे फूट का? मराठवाड्याचा माणूस रुंदीला कमी असतो? २०२३ च्या सप्टेंबरात अख्खं मंत्रिमंडळ इथे बैठकीला आलं होतं. कुणी म्हणे ४५ हजार कोटी दिले, कुणी म्हणे ५९ हजार. आमच्या जिन्यात एक बल्बसुद्धा आला नाही. २०२२ पर्यंत सर्वांना घर देणार होतात, ते साल गेलं, योजनेला २.० लागलं. तुमच्या तक्त्यात माझ्या घरापुढे 'पूर्ण' लिहिलेलं असेल. चावी दिली की घर पूर्ण, मग आत माणूस मेला तरी ते पूर्णच.

मागायचं फार नाही. सामाईक मीटरची थकबाकी कुणाची, ते लेखी ठरवा आणि तोवर वीज जोडा. विद्युत निरीक्षकाकडून दोन्ही लिफ्ट तपासून घ्या. चालू होईपर्यंत वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायांना तळमजल्याच्या बंद खोल्या उघडून द्या. खोल्या आहेत, कुलूपं तुमची आहेत. आत्याबाईंना आठ-दहा दिवसांत सोडतील असं डॉक्टर म्हणाले, पायावर भार द्यायचा नाही. त्यांना वर कसं न्यायचं, ते त्याआधी कळवा.

आपली,
अकराव्या मजल्यावरची एक लाभार्थी