नवरात्रात दांडियाला येण्याआधी

नंदुरबार

प्रिय मित्रा,

कसा शेस भाऊ? यंदा नवरात्रात तू येतोस, म्हणून आधीच लिहितो. नंदुरबारला गुजरात इतकं लागून आहे की गरबा इथे पाहुणा नाही, घरचाच आहे. त्यामुळे लोक पावलाची चूक हसून सोडतात, पण वागण्यातली चूक लगेच डोळ्यांवर येते.

पहिलं म्हणजे चप्पल बाहेर. मध्ये देवीचा घट किंवा दिवा असतो. आरती सुरू झाली की दांड्या खाली करून जागच्या जागी उभं राहायचं. तेव्हा फोटो काढत फिरणं अगदी वाईट दिसतं.

फेर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. आत शिरायचं ते बाहेरच्या कडेने, दोन टाळ्या ऐकून, चाल ओळखून. मधून आडवं गेलं की मागच्याचा पाय अडखळतो, आणि त्याच्या मागचे चार जण एकमेकांवर आदळतात. दमलास तरी बाहेरच्याच बाजूने नीघ. घागऱ्याचा घेर मोठा असतो, पुढच्या बाईपासून हातभर अंतर ठेव. त्यावर पाय पडला तर ती तोंडावर पडेल.

दांडिया मात्र नीट शिकून ये. समोरासमोर दोन ओळी, पाच ठोके. पहिला उजवीवर उजवी, दुसरा डावीवर डावी, तिसरा पुन्हा उजवी. चौथ्याला किंचित वळून स्वतःच्याच दोन दांड्या, पाचव्याला परत उजवी आणि लगेच पुढच्या जोडीदाराकडे. दोन्ही ओळी उलट दिशांना सरकतात, टोकाला पोहोचलेला वळून समोरच्या ओळीत शिरतो. ठोका चुकला तर थांबू नकोस. पाय चालू ठेव, पाचव्याला सापडतोच. तू थांबलास तर मागची सगळी ओळ तुंबते, आणि नवखे लोक नेमकं हेच करतात.

दांडी खालच्या टोकाजवळ सैल धर, ठोका वरच्या तिसऱ्या भागात बसू दे. मुठीत आवळून हाणलंस तर समोरच्याची बोटं फुटतात. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. समोर लहान पोर किंवा आजी आली तर दांडी खाली आण, नुसती टेकव. कुणाची दांडी पकडून ठेवणं ही इथे गंमत समजली जात नाही.

अनोळखी मुलीबाळींबरोबर पाच ठोक्यांपुरतीच गाठ पडते, तेवढीच ठेव. नजर दांडीवर. गरब्यात हात धरत नाहीत. वेगळी जोडी हवी असेल तर सरळ विचार, «खेळायचं का?» नाही म्हणाली तर बरं म्हणून सरक. कारण विचारायचं नाही, पुन्हा यायचं नाही. परवानगीशिवाय कुणाचा व्हिडिओ तर अजिबात नको, यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं होतात.

भोंगे दहाला बंद होतात. शासनाने सूट दिलेल्या दिवशी बारापर्यंत चालतात. शेवटचं गाणं वाढवा म्हणून वादकांच्या मागे लागू नकोस.

दांड्या दीड फुटाच्या आसपासच्या, लाकडी आण. धातूच्या नकोत. टोकाला फुटलेली असेल तर कापडी पट्टी गुंडाळ, नाहीतर कुणाच्या तळव्यात काडी जायची. घरमा बठ्ठासले नमस्कार. कोणत्या माळेला येतोस ते आधी कळव.

तुझा मित्र