ऐन तानेत दहा वाजले

संपादक महोदय,

गेल्या शनिवारी मुलगा, सून, नात आणि आम्ही दोघे मैदानावरच्या रॉक कार्यक्रमाला गेलो. डीप पर्पल हा १९६८ सालचा बँड. कॉलेजात असताना त्यांच्या कॅसेटी मी पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून ऐकल्यात. इथे ती गाणी वाजवणारी पोरं आपल्या इंदूरचीच, पण तयारीची. ड्रमचा पहिला ठोका पडला आणि माझ्या मांडीवरच्या शेवेच्या डब्याचं झाकण थरथरलं. सुनेने नातीच्या कानात कापूस घातला. हिनेही मागून घेतला, पण पंधरा मिनिटांत काढून मान डोलवू लागली!

तक्रार वेगळीच आहे. तिकिटावर वेळ सातची, सुरुवात पावणेनऊला. तोवर नुसतं ‘चेक, चेक’. मोजके परवानगीचे दिवस सोडले तर रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या नियमांतला दंडक. तो योग्यच, माझ्या घरामागे मंगल कार्यालय आहे, मला विचारा. पण त्यामुळे ऐन गिटारच्या तानेत आवाज गेला. आयोजकांना हा नियम काय त्याच रात्री कळला? ज्येष्ठांना खुर्च्या नव्हत्या, ते सोडाच. सतरंजी आम्ही नेलीच होती.

नात रुसली. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गरम गराडू (तळलेला कंद) मिळाल्यावर बोलायला लागली.

– एक निवृत्त वाचक, इंदूर