‘ळ’बद्दल आभार

काका, सा. न. वि. वि.

तुम्हाला काका म्हणते आहे ते तुमच्या अक्षरावरून. तुमचं नाव मला माहीत आहे, बाकी काहीच नाही. पण पेन्सिलीनं लिहिलेलं ते जुन्या वळणाचं अक्षर पाहिलं आणि दुसरं काही म्हणवेना.

माझं कोडं सोडवून तुम्ही पाठवलेल्या कागदाचा फोटो येऊन आठ दिवस झाले. अजून रोज उघडून बघते.

ते कोडं मी तीन आठवडे रचत होते. चार संशयित : सोनार, आडत्या, शिंपी, कासार. सूचना जुळवत एकेकाला बाद करायचं आणि शेवटी अक्षरांऐवजी चिन्हांत लिहिलेली सांकेतिक चिठ्ठी उलगडून चोर ठरवायचा. चिठ्ठी मराठीत, म्हणून माझा जीव त्यात जास्त. इंग्रजी सांकेतिक मजकुरात लोक आधी ‘ई’ शोधतात, एका अक्षराचा शब्द शोधतात. मराठीचं कुलूप वेगळं. इथे वाक्याच्या शेवटी ‘आहे’ बसलेलं असतं. ते ओळखलं की ‘ह’ हाती येतो, ‘ह’वरून ‘होता’, ‘होती’ सापडतात, त्यातून ‘त’ मिळतो. मात्रा, वेलांट्या तशाच ठेवल्या तर हे फार लवकर सुटतं, म्हणून त्यांनाही मी चिन्हं दिली होती.

याआधी हेच कोडं मी दोघा जाणकारांना दाखवलं होतं. एकानं न वाचताच सांगितलं, मराठीत असलं काही होत नाही, इंग्रजीत करा. दुसऱ्यानं एकच शब्द लिहिला : ‘चूक’. काय चूक, कुठे चूक, मी दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही. त्या एका शब्दानं मी चार रात्री चिन्हांचा सगळा तक्ता उलटापालटा करत होते. ज्याला चूक दिसते आणि दाखवायचे कष्ट घ्यायचे नसतात, त्यानं कोडी तपासायला बसू नये, हे मी आज स्पष्ट लिहिते.

तुम्ही मात्र कोडं शेवटपर्यंत सोडवलं. एकदा नाही, दोनदा, कारण उत्तरंच दोन येत होती. तक्ता आटोपशीर दिसावा म्हणून मी ‘ल’ आणि ‘ळ’ला एकच चिन्ह दिलं होतं. ‘पेटीत माळ आहे’ असं वाचलं की सोनार सापडतो, ‘पेटीत माल आहे’ असं वाचलं की आडत्या. बाकीच्या सगळ्या सूचना दोघांनाही लागू! कोड्याला एकच उत्तर हवं, एवढा साधा नियम माझ्याच हातून मोडला होता.

आणि तुम्ही समासात काय लिहिलंत? ‘इथे मी चुकलो.’

काका, चूक माझी होती. तुम्हाला ती कळलीही होती, कारण खाली दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडलेली आहेत. तरी आधी स्वतःच्या वाचनावर शंका घेतलीत, ती खोडली नाहीत, आणि कागद कोड्यांच्या गटात न टाकता एकट्या मला पाठवलात. सगळ्यांसमोर दाखवला असतात तरी तुमचं काहीच चुकलं नसतं. त्या तीन शब्दांनी मला रडू आलं.

त्याखाली बारीक अक्षरात तुम्ही महानुभावांची आठवण काढलीत. त्यांच्या पोथ्या शतकानुशतकं ज्या सांकेतिक लिपीत बंद होत्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी जिची किल्ली शोधली, त्या लिपीचं नावच ‘सकळ’. ‘ळ’ कसा विसरून चालेल? इतक्या मायेनं चूक दाखवणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं.

दुसऱ्यानं रचलेलं कोडं मन लावून सोडवणं हाच केवढा मान असतो! रचणाऱ्यानं एकट्यानं काढलेल्या तासांशेजारी कोणीतरी आपले तास आणून ठेवतं. तुम्ही दोन संध्याकाळी ठेवल्यात, कागदावर तारखा आहेत. अशी माणसं आहेत म्हणून कोडी रचावीशी वाटतात.

‘ळ’ला आता स्वतःचं चिन्ह दिलं आहे : छोटं वर्तुळ, आत टिंब. दुरुस्त कोडं सोबत जोडलं आहे. सोनारच सापडायला हवा. वेळ मिळेल तेव्हा पेन्सिल घेऊन बसा, आणि पुन्हा कुठे अडलात तर तो कागदही मला पाठवा.

तुमची,
कोडी रचणारी पुतणी