जोडीदार म्हणजे आपली मान : दादांना आभाराचं पत्र

सोलापूर

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहीत आहोत. तुम्ही शिकवलंत ते आम्हा चौघांपुरतं राहू नये. जोडीनं लढाऊ विमानांचे खेळ खेळायचे आहेत आणि टेबलावर फक्त माउस-कीबोर्ड आहे, अशा प्रत्येकाला ते मिळावं. तुमचं नाव कुठं लिहायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. आभार मात्र नाव घेऊन मानावेत इतके मनापासूनचे आहेत.

सगळ्यात आधी त्या एका वाक्याचे आभार : "माउसवाल्याला मान नसते, जोडीदार हीच त्याची मान." बाकीचं सगळं याच वाक्यातून निघालं. 'वॉर थंडर' या लढाऊ विमानांच्या खेळात माउसनं खेळताना आपण विमान थेट चालवत नाही. आपण पडद्यावरचं वर्तुळ हलवतो. पंख कलंडवणं, नाक उचलणं, रडर म्हणजे शेपटीचं सुकाणू देणं ही कामं खेळातला इन्स्ट्रक्टर, म्हणजे आपोआप विमान सांभाळणारी सोय, करतो आणि विमानाचं नाक त्या वर्तुळाकडं आणतो. सोय मोठी आहे, पण तिची किंमत तुम्ही पहिल्यांदा दाखवलीत. नेम आणि नजर दोन्ही एकाच हातात अडकतात. मागं बघायला 'सी'ची कळ दाबून धरली की माउस नजरेचा होतो आणि तेवढा वेळ नेमाचा राहत नाही. जॉयस्टिक आणि डोक्याची हालचाल टिपणारा कॅमेरा असलेला माणूस वळता वळता मागं बघतो. आपल्याला दोन्हींतलं एकच मिळतं. म्हणून एकट्यानं सरस होण्याच्या नादी न लागता दोघांनी एक पूर्ण वैमानिक व्हायचं.

त्यावरून आलेला नियम : 'सी' दाबण्याआधी वर्तुळ किंचित वर आणि किंचित बाजूला ठेवायचं, कारण मागं बघत असताना विमान त्याच दिशेनं जात राहतं. वर्तुळ जमिनीकडं ठेवून मागं बघणारा जमिनीतच जातो. बघायचं ते एका सेकंदाच्या आत. त्याहून जास्त बघायची गरज पडली तर जोडीदाराला विचारायचं.

नेमाबद्दल तुम्ही सांगितलंत ते आता नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो. पडद्यावर दोन खुणा असतात : आपण हलवतो ते वर्तुळ आणि नाक खरोखर जिथं आहे ती फुली. गोळी फुलीकडं जाते. वर्तुळ शत्रूवर आलं की बटण दाबायचा मोह होतो, पण तेव्हा नाक अजून वाटेतच असतं आणि गोळ्या वाया जातात. दोन्ही खुणा एकमेकींवर आल्या की एक-दोन सेकंदांचा मारा, मग थांबायचं. तसंच वर्तुळ नाकापासून लांब फेकायचं नाही. ते लांब गेलं की इन्स्ट्रक्टर जमेल तेवढं जोरात खेचतो आणि त्या खेचण्यात वेग जळतो. आधी 'ए' किंवा 'डी' दाबून पंख वळणाच्या बाजूला कलंडवायचे, मग वर्तुळ हळू वर ओढायचं. हा क्रम बोटांत बसला की तेच विमान हलकं वाटायला लागतं.

पुढं किती धरायचं याचा हिशोब तुम्ही करून दिलात, तो अजून भिंतीवर आहे. गोळी सुटताना सेकंदाला साधारण ८०० मीटर जाते. शत्रू ४०० मीटरवर आणि आडवा, ताशी ४०० किलोमीटर वेगानं जात असेल, तर गोळी पोचायला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे ५५ मीटर पुढं सरकलेला असतो. स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान साधारण ९ मीटर लांब, म्हणजे सहा विमानं पुढं नेम धरायचा. आर्केड या सोप्या प्रकारात खेळच पुढची खूण दाखवतो. रिअलिस्टिक या अवघड प्रकारात ती नसते, तिथं हा हिशोब लागतोच. पंखांतल्या बंदुका कुठल्या अंतरावर एकत्र मिळाव्यात हेही तुम्ही सगळ्यांना सारखंच लावायला लावलंत, ३०० मीटर. हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांत .३०३ इंचाच्या ८ ब्राउनिंग मशीनगन होत्या आणि १९४० मध्ये ब्रिटिश वैमानिकांनी हे अंतर कमी करून २५० यार्डांवर आणलं, कारण लांबून मारा विखुरतो. आम्हा चौघांचं अंतर एकच असल्यामुळं "तीनशेवर आहे" एवढं म्हटलं की मारायची वेळ झाली हे सगळ्यांना कळतं.

आता बोलण्याबद्दल, कारण तुमचं सगळ्यात मोठं देणं तेच आहे असं आम्हाला वाटतं. आपल्या शहरात एका खोलीत मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही भाषा चालतात. घाईत प्रत्येकजण आपापल्या घरच्या भाषेत ओरडतो. तुम्ही दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगायची ठरवलीत, बारा म्हणजे नाकासमोर, आणि लगेच त्यातला खड्डाही दाखवलात : 'सहा' आणि 'दहा'. कूलरच्या घरघरीत दोन्ही सारखेच ऐकू येतात. एक म्हणजे शत्रू पाठीवर, दुसरा म्हणजे डावीकडं समोर, आणि चुकीच्या बाजूला वळलं की संपलं. म्हणून 'सहा' हा शब्दच बंद. त्या जागी 'पाठीवर', आणि 'बारा'च्या जागी 'समोर'. बाकीचे आकडे आहेत तसेच.

वैमानिकांना एक, दोन, तीन म्हणायचं नाही, नाहीतर "तीन, तीन वाजता" असा घोळ होतो. मग नावं ठरली : चादर, भाकरी, हुरडा, किल्ला. चादर आणि चटणी दोन्ही सुचली होती, पण दोघींची सुरुवात 'च'नं, म्हणून चटणी वगळलीत. हे बारकावे कुणी सांगत नाही, दादा. हाक मारायचा क्रमही ठरलेला : आधी कुणाला, मग कुठं, मग वर की खाली, मग किती. "भाकरी, पाठीवर, वर, एक." बस. "अरे बघ ना, आला बघ तो" यातून कुणाला काहीच कळत नाही.

बोलायचं बटण माउसच्या अंगठ्याजवळच्या बटणावर घ्या, हे तुम्ही कारणासकट सांगितलंत. साध्या स्वस्त कीबोर्डवर दोन कळा दाबल्या असताना तिसरी कधी कधी पोचतच नाही. दोन कळा धरून बोलायची कळ दाबली की कधी कधी एक गळते, आणि ती नेमकी बोलायचीच असली तर जोडीदाराला हाक पोचत नाही. आपण मात्र सांगितलं असंच समजत राहतो. माइक सतत उघडा ठेवला तर कूलर आणि पंखा सगळ्यांच्या कानात जातो, तोही त्रास या बटणानं गेला.

विंडोजच्या तीन खोड्या तुम्ही एका बैठकीत बंद करून दिल्यात. शिफ्ट पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज'ची खिडकी उघडते आणि ऐन लढाईत खेळ मागं पडतो. सेटिंग्जमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करायचा. मराठी टायपिंगचा कीबोर्ड टाकलेला असेल तर 'ऑल्ट' आणि 'शिफ्ट' एकत्र दाबल्यावर भाषा बदलते, म्हणून तो शॉर्टकटही काढून टाकायचा. आणि माउसच्या सेटिंगमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद, कारण ते चालू असताना हात हळू फिरला की कमी अंतर आणि जोरात फिरला की जास्त अंतर जातं, हाताला सवय लागतच नाही. माउस ८०० डीपीआयवर (माउसच्या वेगाचं माप) ठेवून खेळातली संवेदनशीलता अशी लावायची की माउस एक वीत सरकवला की दृश्य अर्धं फिरावं. टेप शोधत बसण्यापेक्षा वीत बरी, ती कुठल्याही टेबलावर सोबत असते.

उंचीबद्दल तुमचा हिशोब सगळ्यांना लिहून देतो. ताशी ५०० किलोमीटर वेग म्हणजे, हवेचा अडथळा सोडला तर, सुमारे १००० मीटर वर चढता येईल इतकी शिल्लक. ताशी २५० वेगावर ती फक्त २५० मीटरच्या आसपास. वेग निम्मा झाला की शिल्लक पाव होते. म्हणून जोरात वळून वेग निम्म्यावर आणणारा गडी वर कधीच पोचत नाही. जोडीतल्या दोघांची शिल्लक एकसारखी हवी. एक वर आणि एक खाली रखडलेला असेल तर ती जोडी राहत नाही, दोन एकटे होतात.

आणि विणकाम, म्हणजे जोडीनं एकमेकांना ओलांडायची चाल. अमेरिकन नौदलाच्या जॉन थॅच यांनी १९४१ मध्ये घरच्या टेबलावर काड्यापेटीच्या काड्या मांडून ही चाल शोधली आणि जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत ती वापरली. त्यांचं वाइल्डकॅट विमान जपानी झिरो विमानापुढं वळण्यात कमी पडत होतं, म्हणून एकानं वाचण्यापेक्षा दोघांनी एकमेकांना वाचवायचं ठरलं. यंत्रमागाच्या गावाला ही चाल समजायला किती वेळ लागणार? दोन धागे एकमेकांना ओलांडतात, परत ओलांडतात. तुम्ही आखून दिलेलं अंतर असं : दोघं शेजारी, साधारण ७०० मीटरवर. एकाच्या पाठीवर कुणी आलं की "ओलांड" म्हणायचं आणि दोघांनी एकमेकांकडं वळायचं. पाठलाग करणारा वळत येतो तो सरळ दुसऱ्याच्या तोंडासमोर.

इथं काय बिघडतं तेही तुम्ही सांगितलंत. पहिलं, पाठीवर शत्रू असलेला घाबरून फार जोरात वळतो. मग त्याच्यामागचा शत्रूही तेवढाच वळतो आणि जोडीदाराला नेम धरायला सरळ क्षणच मिळत नाही. मध्यम, अंदाज येईल असं वळायचं. हे मनाला पटत नाही, पण मारणारा जोडीदार आहे, आपण नाही. दुसरं, ओलांडताना टक्कर. चादर कायम खालून, भाकरी कायम वरून, मधे निदान ५० मीटर. तिसरं, एक शत्रू पडला की दोघंही त्याच्या धुराकडं बघत बसतात. मारणारा पुढं जातो, दुसऱ्यानं त्याच क्षणी पाठ तपासायची. "पाठ साफ" हे शब्द ऐकू आल्याशिवाय पुढचा शत्रू धरायचा नाही.

उतरताना एकानं धावपट्टीवर घिरट्या घालायच्या आणि दुसऱ्यानं उतरायचं. माउसनं उतरणं सोपं केलंत : वर्तुळ धावपट्टीच्या अलीकडच्या टोकावर, वेग ताशी २५० किलोमीटरच्या खाली आला की चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) खाली, जमीन जवळ आली की वर्तुळ हळूच पलीकडच्या टोकावर न्यायचं. जुनी शेपटीवर टेकणारी विमानं जोरात ब्रेक लावला की नाकावर पडतात, म्हणून ब्रेक टप्प्याटप्प्यानं.

चौघांच्या स्क्वाडला, म्हणजे गटाला, सरावासाठी खेळातला असॉल्ट मोड बरा हेही तुमचंच सांगणं. शत्रू संगणकाचे, लाटांमध्ये येतात, त्यामुळं हाका आणि ओलांडणं निवांत घोटता येतं. खेळातल्या सिम्युलेटर या सगळ्यात अवघड प्रकारात हा माउसचा इन्स्ट्रक्टर मिळत नाही, तिकडं जॉयस्टिक घेतल्याशिवाय जाऊ नका, असं स्पष्ट सांगून आमचे पैसे आणि उमेद दोन्ही वाचवलंत.

आपल्या उन्हाळ्याचा विचार करून तुम्ही दिलेला सल्ला बाहेरच्या कुणी दिलाच नसता. पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा लॅपटॉप तापून स्वतःच मंद होतो, आणि तो मंद होतो नेमका चार विमानं आणि धूर जवळ असताना, म्हणजे मारायच्या क्षणी. पडद्यावरच्या फ्रेम सेकंदाला ६० वर बांधायच्या, लॅपटॉपची मागची बाजू तीन-चार सेंटिमीटर उचलायची. यंत्रमागाच्या भागात राहणाऱ्यांनी पंख्यातली सुताची तूस महिन्याला काढायची. मशिन बंद करून, पंख्याचं पातं काडीनं अडवून मग हवा मारायची, नाहीतर पंखा उलटा वेगानं फिरून खराब होतो. वायफायपेक्षा लॅनची तार, कारण पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, थोडं जास्त असलेलं चालतं, पण वर-खाली होणारं चालत नाही. शत्रू पडद्यावर उड्या मारायला लागतो. लाइट जाण्यावर उपाय म्हणून राउटरला वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस. नेट टिकलं तर लॅपटॉपवाला जोडीदार तरी लढाईत राहतो.

तुमच्या हाकांच्या तक्त्यात आम्ही एकच बदल केला आहे, तुमची संमती हवी. 'ओलांड' हा शब्द तुटक आवाजात 'थांब'सारखा ऐकू येतो अशी तक्रार तेलुगू बोलणाऱ्या दोघांनी केली, म्हणून तिथं 'वीण' लिहिलं आहे. एका ठोक्यात बोलून होतो, आणि दुसऱ्या कुठल्या हाकेशी मिसळत नाही. पटत नसेल तर कळवा, तक्ता पुन्हा जसाच्या तसा करू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
चादर, भाकरी, हुरडा आणि किल्ला